मर्यादेचं घर

आमच्या घरात आवाज नसतो, हे मी लोकांना अभिमानानं सांगायचो. चाकूरला आमची गल्ली तशी गजबजलेली. शेजारी पिठाची गिरणी, समोर एकाच भिंतीवरून रोज भांडणारे दोन भाऊ. पण माझ्या दारातून आत पाऊल टाकलं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. पाहुणे म्हणायचे, "घराला वळण लावावं तर असं." मी मिशीतल्या मिशीत हसायचो आणि सुनेकडे न बघता म्हणायचो, "चहा."

खरं तर हे वळण मी लावलेलं नव्हतं. उमरीजवळच्या आमच्या खेड्यातून ते माझ्याबरोबर आलं होतं. तिथे वडील ओसरीवर आले की आई तोंडातलं वाक्य अर्धं सोडून द्यायची. सासऱ्यासमोर सुनेचा आवाज निघू नये आणि बापासमोर लेकानं स्वतःचं मूल उचलू नये, हे दोन नियम आम्हाला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, पण ते मोडल्याचंही आठवत नाही. थोरल्यांदेखत आपल्याच लेकराचे लाड करणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा. मूल पायाशी येऊन रडत असलं तरी बापानं दुसरीकडे बघायचं आणि बाईमाणसानं येऊन ते उचलून न्यायचं. माझ्या मुलाच्या बाबतीत मी हेच केलं. तो कुणाच्या कडेवर वाढला ते मला नीट सांगता येणार नाही. माझ्या कडेवर वाढला नाही एवढं नक्की.

आणि गंमत अशी की माझी सगळी नोकरी बोलण्याची होती. नांदेडच्या बसस्थानकावर मी वाहतूक नियंत्रक होतो. दिवसभर माईक तोंडाशी. "धर्माबादकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर उभी आहे." तेच वाक्य चार वेळा, पाच वेळा, गाडी सुटेपर्यंत. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, म्हणून ड्रायव्हर लोक माझ्यामागे मला हॉर्न म्हणायचे, हे मला निवृत्तीच्या दिवशी कळलं. परक्यांसाठी एवढं बोलून घरी आलो की मला बोलायचा कंटाळा यायचा. घरात माझं तीन शब्दांत भागायचं: पाणी, चहा आणि गप.

मुलगा चाकूरला वायरमन म्हणून लागला, तेव्हा निवृत्तीनंतर आम्ही इथे येऊन राहिलो. त्याचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत माझी बायको गेली. सून धर्माबादची, तेलंगणाच्या सीमेवरची. तिच्या माहेरी मिरचीचा व्यापार, दारात सदा पोत्यांची चढउतार, आणि लहानथोर सगळे एकमेकांशी ओरडूनच बोलणारे. मुलगी बघायला गेलो तेव्हा ती आतून भावावर अशी काही खेकसली की आम्ही बाहेर पोहे खाता खाता थांबलो. मी मनात म्हटलं, पोरगी आवाजाची दिसते. पण आमच्या घरी येऊन वर्ष झालं नाही तोच तिचा आवाज इतका उतरला की ती काय म्हणते ते कळायला मला तिच्या ओठांकडे बघावं लागायचं, आणि सुनेच्या तोंडाकडे बघायचं नसतं, म्हणून मी बघायचोच नाही. ती मला मामा म्हणते, आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. दिवसातून दोनदा 'मामा, जेवायला' एवढं कानावर पडायचं. मी नातेवाइकांना कौतुकानं सांगितलं की सुनेला चांगलं वळण लागलं.

मग नात झाली. गोरीगोमटी, अंगानं भरलेली, वेळेवर पालथी पडली, वेळेवर चालली. बोलली मात्र नाही. दोन वर्षं झाली, दोनाची अडीच होत आली. हवं ते बोटानं दाखवायची, नाहीतर आईचा पदर ओढत तिथवर न्यायची. उमरीहून माझे थोरले भाऊ फोनवर म्हणाले, "तिचा बाप तरी कुठं बोलला व्हता तिसऱ्या वर्षापत्तुर? घराणंच जड जिभेचं हाय आपलं." मलाही ते पटलं. मी बाजारातून वेखंड आणलं. सुनेनं ते सहाणेवर उगाळून मधातून तिच्या जिभेला लावलं. पोरीनं तोंड वाकडं केलं, पण तोंडातून शब्द काही आला नाही.

वजन करायला आलेल्या अंगणवाडीच्या ताईंच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं. त्यांनी सुनेला सांगितलं की कान तपासून घ्या, थांबू नका. सुनेनं ते मुलाला सांगितलं आणि मुलानं मला सांगायला चार दिवस घेतले. आमच्या घरात निरोपसुद्धा असा फलाट बदलत बदलत यायचा. पोरीच्या आयुष्यातले ते चार दिवस माझ्या धाकापायी गेले, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

लातूरला कान तपासले. कान ठणठणीत होते. तिथल्या डॉक्टरांनी एका मॅडमकडे पाठवलं, उशिरा बोलणाऱ्या लेकरांना बोलतं करणाऱ्या. तिशीतली पोरगी, लातूरच्याच जुन्या मुसलमान घरातली. बाप घड्याळं दुरुस्त करायचा, असं तिनंच बोलता बोलता सांगितलं. खोलीत सतरंजी अंथरलेली, एका टोपलीत खेळणी. मला खुर्ची दिली, मुलगा भिंतीला लागून उभा राहिला, सून आणि पोरगी सतरंजीवर. मॅडम बराच वेळ काही न बोलता नुसती बघत होती. मला तो वेळकाढूपणा वाटला.

मग तिनं सुनेला विचारलं, "घरी काय काय शब्द बोलती बाळ?"

सुनेनं पदर पुढे ओढला, माझ्याकडे तिरपं बघितलं आणि काहीतरी पुटपुटली. मुलगा फरशी बघत होता. मीच म्हणालो, "आई म्हणती. मम् म्हणती."

"काका, मी त्यांना विचारलं," मॅडम हसून म्हणाली.

तेवढ्यात पोरीच्या हातून लाकडी ठोकळे खाली सांडले. मोठा आवाज झाला. पोरीनं दचकून आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "गप."

इतका स्वच्छ उच्चार! ते 'आई' आणि 'मम्' कसेबसे ओळखावे लागायचे. हा शब्द मात्र खणखणीत होता. मॅडमनं तो कागदावर लिहून घेतला. मग माझ्याकडे वळून अगदी अदबीनं म्हणाली, "काका, तुम्ही जरा बाहेर बाकड्यावर बसता का? दहा मिनिटं."

आयुष्यात मला कुणी असं बाहेर काढलं नव्हतं. मी बाकड्यावर जाऊन बसलो. दार लोटलेलं होतं. थोड्या वेळानं आतून एका बाईचा मोकळा, चढा आवाज आला. मला वाटलं, आत कुणी दुसरी पेशंट असावी. ती बाई लेकराला घोडा दाखवत होती, घोड्यासारखी खिंकाळत होती, मग अर्धं तेलुगू अर्धं मराठी असं काहीतरी गाणं म्हणायला लागली आणि पोरगी खदखदून हसायला लागली. हसणं माझ्या नातीचं होतं, ते ओळखीचं होतं. गाणाऱ्या बाईचा आवाज माझ्या सुनेचा आहे हे कळायला मला बराच वेळ लागला.

तिथे बसल्या बसल्या मला माझी बायको आठवली. तिचा चेहरा आठवला, हात आठवले, चालण्याची ढब आठवली. आवाज आठवेना. पस्तीस वर्षं एका छताखाली काढली आणि मला तिचा आवाज आठवेना. मी खिशातला रुमाल काढला, कुणी बघत नाही असं बघून डोळे पुसले.

मॅडमनं आत बोलावून सगळ्यांना समजावलं. घर गप्प असतं म्हणून लेकरू मुकं होतं असं नाही, ती म्हणाली. काही लेकरांना मुळातच उशीर लागतो, आणि हिलाही लागणार. पण ज्याला उशीर लागतो त्याच्या कानावर इतरांपेक्षा जास्त बोलणं पडावं लागतं. तोंडासमोर तोंड करून, त्याच्या उंचीवर बसून, थोडक्या शब्दांत. आणि आपण बोललो की थांबायचं. त्याच्या वाटचं उत्तर आपण द्यायचं नाही. "तुमच्या घरात बाळाशी बोलायला तीन माणसं हायेत," ती म्हणाली, "पण तिच्या कानावर एकाचंबी बोलणं पडून नाही राहिलं." दर बुधवारी यायला सांगितलं.

मी दोन दिवस धुमसत होतो. काल शिकून आलेली पोरगी मला शिकवते! आमची चार पिढ्यांची मर्यादा, ती हिच्या सतरंजीवर बसून मोडायची? तिसऱ्या दिवशी राग जरा उतरला आणि मला माझ्या मते मोठी युक्ती सुचली. मी असलो की घर गप्प होतं ना? मग मीच नको घरात. सकाळचा चहा झाला की मी चाकूरच्या स्टँडवर जाऊन बसायचो. दुपारी जेवायला यायचो, पुन्हा जायचो. ऊन, धूळ, ओळखीचे कंडक्टर. मी नातीसाठी केवढा त्याग करतोय असं वाटून मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

पुढच्या बुधवारी मी हे मॅडमला ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे घरातलं बोलणारं एक माणूस आणखी कमी झालं की, काका."

मी चिडून म्हणालो, "मग काय करू? मला लेकरांशी बोलता येत न्हाई. एक गाणं येत न्हाई, गोष्ट येत न्हाई. मी कधी बोललोच न्हाई कुणाशी."

हे मी मुलासमोर बोलून गेलो होतो. तो पुन्हा फरशी बघत होता.

"नोकरीत काय बोलायचात?" मॅडमनं विचारलं.

मी माईकचं सांगितलं. तिला ते फार आवडलं. "मग तेच करा. घरात जे होतंय ते सांगत बसा. कोणती गाडी आली, कुठं उभी हाय. एकच गोष्ट चारदा सांगायची सवय तुम्हाला हायच. आमी आयांना तेच शिकवता शिकवता दमतो."

असा मी पासष्टाव्या वर्षी जमिनीवर बसायला शिकलो. गुडघे कुरकुरायचे. भुईमुगाच्या शेंगा निघाल्या होत्या. मी सूप पुढे घेऊन बसायचो आणि हवेला सांगायचो, "शेंग. शेंग घेतली. शेंग फोडली. दाणा निघाला. दाणा खाल्ला." पोरगी पहिले काही दिवस दाराआड उभी राहून बघायची. घाबरायची मला. सहा पावलांवर उभी असलेली आपली नात आपल्याला घाबरते, हे जमिनीवर बसून बघताना फार वाईट दिसतं. खुर्चीवरून मला ते कधी दिसलंच नव्हतं.

एकदा मी असा शेंगांची उद्घोषणा करत असताना स्वयंपाकघरातून सुनेचं खुदकन हसणं ऐकू आलं. सवयीनं 'गप' जिभेवर आलं होतं, ते दाण्याबरोबर गिळलं. तिसऱ्या आठवड्यात पोरगी जवळ आली आणि तिनं माझ्या हातात एक शेंग दिली. मी म्हणालो, "शेंग." आणि थांबलो. थांबणं हे बोलण्याहून कठीण. माझ्यासारख्या तापट माणसाला तर महाकठीण. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शें." मी शेंग फोडली. त्या दिवशी तिनं माझ्याकडून सूपभर शेंगा फोडून घेतल्या आणि संध्याकाळी तिचं पोट दुखलं.

शब्द येत गेले, पण मुंगीच्या पावलानं. दाणा, चिऊ, पाणी, भूं म्हणजे मोटारसायकल. मला ती आबा म्हणायला लागली. मॅडम खूश होती, पण म्हणायची, अजून एक पायरी आहे. लेकरू दोन शब्द आपल्या मनानं जोडतं तेव्हा खरं बोलणं सुरू होतं. पाणी दे, आई ये, असं काहीही. आपल्यामागून म्हटलेलं नाही, आपलं आपण जोडलेलं. "ते झालं की बुधवारची वाट बघू नका, मला लगेच फोन करा." आम्ही कान देऊन बसायचो. शेंगा संपल्या, तुरी आल्या, तुरी संपल्या. पोरगी तीन वर्षांची झाली. तिच्या बरोबरीची समोरची पोरं आता भांडायला लागली होती, चहाड्या सांगायला लागली होती. आमची अजून एकेक शब्दावर. पुढे बालवाडीत घालायचं म्हणजे तिथे हिचं दुखलंखुपलं कुणाला कळणार, या काळजीनं सून वाळत चालली होती.

सुनेचा आवाज हळूहळू वर येत होता. मी ओसरीवर असलो तर ती आत पोरीशी चांगली बोलायची. मी आत गेलो की निम्म्यावर यायची. मुलाचं मात्र काही जमेना. खोलीचं दार लावून तो पोरीला खांद्यावर घेतो, हे मला आतल्या खिदळण्यावरून कळायचं. माझ्यासमोर ती त्याच्याकडे हात पसरून गेली की तो तिच्या डोक्यावर टपली मारून बाजूला व्हायचा. मी एकदा सरळ म्हणालो, "घे की तिला." तो 'हाव' म्हणाला आणि मोटारसायकल पुसायला बाहेर गेला. पालथ्या घड्यावर पाणी, मी चिडून म्हणालो. आता घडा पालथा कुणी घातला होता, ते मला कोण विचारणार!

अशात एक दिवस थोरले भाऊ आले. त्यांना लातूरला डोळे दाखवायचे होते, वाटेत उतरले. वयाची पंचाहत्तरी ओलांडलेली, पांढरं धोतर, टोपी, ताठ मान. वडील गेल्यापासून आमच्या घराण्यात त्यांचाच शब्द. ते दारात दिसले आणि सहा महिने मागे गेल्यासारखं झालं. सुनेनं पदर घेतला आणि तिचा आवाज बंद झाला. मुलगा भिंतीला लागून उभा राहिला. मीसुद्धा सतरंजीवरून उठून खुर्चीवर बसलो होतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

भाऊ बांधाच्या वादाबद्दल सांगत होते. पोरगी आत ताटली चमच्यानं वाजवत होती. तिला काहीतरी दाखवायचं होतं. ती पळत आली, माझा पायजमा धरून ओढायला लागली. "आबा! आबा! आबा!" आवाज चांगला चढा होता. एरवी मी हरखलो असतो.

भाऊ बोलायचे थांबले. त्यांनी पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या नजरेखाली मी दहा वर्षांचा झालो. माझं बोट माझ्या ओठांवर गेलं आणि मी खेकसलो, "गप!"

पोरीची मूठ सुटली. तोंड उघडं होतं, ते मिटलं. ती जिथे होती तिथेच उभी राहिली.

"मामा! तिला गप नगा म्हणू!"

धर्माबादच्या मिरचीबाजारात ऐकू जाईल असा तो आवाज होता. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डोक्यावरचा पदर घसरला होता आणि तिनं तो सावरला नाही. "सा म्हैने झाले! सा म्हैन्यांनी लेकरू तोंड उघडायला लागलंय, आन् तुमी तिला..." तिनं नजर खाली घातली नव्हती.

मला राग आला. खरं सांगतो, आला. तळपायाची आग मस्तकाला गेली. थोरल्या भावासमोर, सुनेनं. मी खुर्चीतून उठलो. भाऊ बघत होते की आता हा काय करतो. सगळी सहा महिन्यांची शिकवणी एका श्वासात पुसून गेली होती आणि मी तोंड उघडलं तर काय निघेल ते मला पक्कं ठाऊक होतं. पण समोर पोरगी होती. ती आईकडे बघत नव्हती, भाऊंकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती, शेंग फोडताना बघायची तशी, की आता यातून काय बाहेर येतंय.

मी खाली बसलो. खुर्चीवर नाही, सतरंजीवर.

"ती बरोबर बोलून राहिली, भाऊ," मी म्हणालो. "चूक माझी हाय."

"भले!" भाऊ म्हणाले. "सुनंनं सासऱ्यावर वरडायचं आन् सासऱ्यानं हाव म्हणायचं. बापाच्या मागं हेच बघायचं राहिलं व्हतं."

मी पोरीपुढे हात केला. "काय दाखवायचं व्हतं आबाला?" ती मागे सरकली. पुन्हा विचारलं. तिनं ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, गेलं. सगळं गेलं. आता हिला पुन्हा पहिल्यापासून दाराआडून बाहेर काढावं लागणार, आणि या वेळी ती येणार नाही.

तेव्हा माझा मुलगा भिंतीपासून सुटला. दोन ढांगांत पुढे आला आणि त्यानं पोरीला उचललं. माझ्यासमोर, थोरल्या चुलत्यासमोर. रोज दाराआड उचलत असेल, पण तेव्हा त्याचे हात असे अवघडले होते जणू दुसऱ्याचं लेकरू उचललंय. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो तिला म्हणाला, "काय झालं? बाबाला सांग." एवढंच म्हणाला आणि थांबला.

आम्ही सगळेच थांबलो. सून दारात, मी खाली, भाऊ खुर्चीवर. भाऊंना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण त्यांच्याशी बोलायला कुणीच मोकळं नव्हतं, म्हणून तेही गप्प बसले. आमच्या घरात मोठ्यांसाठी लहान माणसं गप्प बसलेली मी जन्मभर बघत आलो होतो. एका पोरीसाठी चार मोठी माणसं अशी गप्प बसलेली मी तोवर बघितली नव्हती. बराच वेळ गेला. मग पोरीनं बापाच्या मानेला मिठी घातली, त्याच्या कानाला तोंड लावलं आणि काहीतरी सांगितलं.

मुलाचा चेहरा बदलला.

"काय म्हणली?" भाऊंनीच विचारलं.

मुलानं माझ्याकडे बघितलं. बापाविषयीची गोष्ट थोरल्या चुलत्यासमोर बोलायची कशी, हा पेच मला त्याच्या तोंडावर दिसत होता. तसाच पेच मी माझ्या बापासमोर कितीदा गिळला होता.

"सांग," मी म्हणालो.

"आबा राग," तो म्हणाला. "असं म्हणली. आबा राग."

सुनेचा हात तोंडावर गेला. तिच्या ध्यानात माझ्या आधी आलं. दोन शब्द. कुणाच्या मागून नाही, कुणी शिकवलेले नाहीत. तिचे तिनं जोडलेले. ज्यासाठी आम्ही दोन सुगी कान लावून बसलो होतो ते घडलं होतं. सून रडता रडता हसायला लागली. मलाही आनंद झाला, खूप झाला. आणि त्याच वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असंही वाटलं. आम्ही वाट बघत होतो 'पाणी दे'ची. पोरीला जगात सगळ्यात आधी जे सांगावंसं वाटलं ते हे होतं.

भाऊंना आमचं काय चाललंय ते कळलं नाही. "लेकरू खरं बोललं," ते पुटपुटले, आणि समोरचा निवलेला चहा त्यांनी बशीत ओतून घेतला.

मी गुडघ्यावर हात देऊन उठलो आणि मुलाजवळ गेलो. त्याच्या हळदीनंतर मी त्याच्या इतक्या जवळ उभा राहिलो नसेन. पोरीनं तोंड त्याच्या खांद्यात खुपसलं होतं. मी तिच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि थोडक्या शब्दांत म्हणालो, "हाव. आबा रागावला व्हता. आबा चुकला."

तिनं एक डोळा बाहेर काढून माझ्याकडे बघितलं.

"आबा चुकला," मी पुन्हा म्हणालो. या वेळी मी तिच्याकडे बघत नव्हतो. मुलगा माझ्याहून वीतभर उंच आहे. त्याच्या तोंडाकडे बघायला मला मान वर करावी लागली.